नाताळच्या दिवशी आलेल्या मुंग्या

मित्रांनो, हल्ली मला कोणी टीव्ही म्हणत नाही. पळसदेवच्या अलीकडे एका वस्तीवर, शेळ्यांच्या छपरात, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून मी उभा आहे. एक तांबडी कोंबडी माझ्या डोक्यावर बसून अंडी घालते. तिला हुसकावायला मला हात नाहीत आणि असते तरी मी हुसकावले असते की नाही, कोण जाणे. निदान ती रोज येते तरी.

मी लाकडी पेटीचा, दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या दारांचा एक जुना कृष्णधवल टीव्ही आहे. माझे काम चित्रे दाखवण्याचे, बोलण्याचे नव्हे. त्यामुळे माझ्या सांगण्यात काही चुकले तर ते माझे अज्ञान समजा. काचेला माणसाच्या मनातले कितीसे कळणार?

कारखान्यात मला कोणी जुळवले ते मला आठवत नाही. आठवते ती बारामतीच्या दुकानातली फळी. तिथे एके दिवशी आबाजी आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी माझी दारे तीनतीनदा उघडून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाले, "ही दारं लावता येत्यात, हे ब्येस झालं. प्रार्थनेच्या टायमाला ह्याचं त्वांड मिटाय पायजे."

एसटीच्या मागच्या सीटवर, लेकरासारखे मांडीवर घेऊन, त्यांनी मला वस्तीवर आणले.

वस्ती तशी नवीन होती. जुने गाव उजनीच्या धरणात गेले, तेव्हा वर माळावर येऊन माणसांनी पुन्हा घरे बांधली होती. त्यांत ख्रिस्ती घरे चारच. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की जुने देऊळ वर येते आणि लांबलांबची माणसे ते पाहायला येतात. याच ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनाघरही तिथेच होते. पण त्याच्या भिंती मातीच्या होत्या. ते काही वर येत नाही. म्हणून रविवारची उपासना आबाजींच्या घरात, माझ्याच खोलीत व्हायची.

सगळ्या वस्तीत मी एकटाच टीव्ही. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसे. माणसे चपला बाहेर काढत. बागायतदार मोहनराव सर्वांत पुढे मांडी घालून बसत. त्यांच्या बायको बनाबाई मळ्यातल्या झेंडूचा हार करून आणीत आणि माझ्या डोक्यावर घालीत. माझ्या काचेला कुंकू लावून उदबत्ती ओवाळीत. आबाजींच्या बायको द्वारकाबाई तेव्हा उंबऱ्याशी बसलेल्या असत, कारण पाहुण्यांना पुढची जागा द्यायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. मालिका संपली, माणसे पांगली, की त्या ओल्या फडक्याने काचेवरचे कुंकू पुसत, हार उतरवून शेळीला न घालता बाहेर तुळशीपाशी नेऊन ठेवत. ती तुळस बनाबाईंच्या दारातली. मग माझी दारे सरकवत आणि माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल टाकून त्यावर पवित्र शास्त्र ठेवत. उपासना सुरू होई.

एकाच सकाळी आधी हार आणि मग पवित्र शास्त्र! मित्रांनो, एवढा मान फार थोड्या टीव्हींच्या वाट्याला आला असेल.

इंदापूरहून महिन्यातून एकदा पाळकसाहेब येत. एकदा त्यांनी तो हार पाहिला.

"द्वारकाबाई, हे काय? मूर्तिपूजा, आणि आपल्या घरात?"

"पाळकसाहेब, हार टीवीला हाय, देवाला न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "आन् शेजारी हायेत त्ये. दारातनं हाकलू व्हय?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि शास्त्र उघडले.

आबाजींची भजने मी बंद दारांआडून ऐकली. पेटी, ढोलकी, चिपळ्या. नाताळसाठी त्यांनी स्वतः एक गाणे रचले होते, 'गोठ्यात उजेड पडला गं बाई'. ते द्वारकाबाई सांगायच्या आणि बाकीचे मागून म्हणायचे. त्यात बेथलेहेमच्या गोठ्यात कडबा होता, गव्हाण होती आणि बाळाला पाहायला येणारे मेंढपाळ घोंगडी पांघरून यायचे. आबाजी गेल्यावर चिपळ्या खुंटीला लागल्या. गाणे मात्र द्वारकाबाईंनी सोडले नाही.

त्यांना एकच सल होता. नाताळच्या संध्याकाळी माझ्यावर तासाभराचा खास कार्यक्रम लागायचा. वर्षातून तेवढा एकच त्यांचा. त्याला वस्तीतले कोणी यायचे नाही. आलेच तर उभ्याउभ्या डोकावायचे. त्यात मुंबईचा मोठा हॉल असे, फ्रॉकमधल्या मुली इंग्रजीत गात असत, टेबलावर तीन मजली केक असे आणि कापसाचे बर्फ.

"काय द्वारकाबाई," मोहनराव दारातूनच विचारत, "तुमचा द्येव इंग्रजी शिकलेला दिसतुया. आपलं मराठी कळतंय का त्याला?"

"तुमच्यापरीस ब्येस कळतंय," द्वारकाबाई हसून म्हणत. पण मागे वळल्या की हसू राहत नसे, ते मी पाहिले आहे. त्यांच्या घरी नाताळला केक कधी झालाच नव्हता. करंज्या व्हायच्या, चकल्या व्हायच्या आणि दिवाळीचाच आकाशकंदील पुन्हा दारात लागायचा.

आणि मग चौऱ्याण्णव साली तो चमत्कार झाला. पाळकसाहेबांच्या ओळखीने टीव्हीची माणसे गाडी घेऊन थेट वस्तीवर आली. त्यांना खेड्यातला नाताळ हवा होता. अंगणात सारवण झाले, चार घरांतली माणसे धुतलेले कपडे घालून बसली. पेटीवर द्वारकाबाईंचा मुलगा सिद्धू बसला, कारण पेटी दुसऱ्या कोणाला येत नव्हती. सिद्धू नुकताच बारामतीच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला होता. जळोचीत खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी यायचा.

त्याला बसायचे नव्हते. तो आईला खोलीत बाजूला घेऊन म्हणाला, "आये, मला ह्यात घेऊ नगं. मी कंच्या जागेवर लागलोय, ठावं हाय न्हवं तुला?"

द्वारकाबाईंना ठाऊक होते. मित्रांनो, तुम्हालाही सांगायला हवे. सिद्धूचे आजोबा ख्रिस्ती झाले, त्याआधी त्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. ख्रिस्ती झाल्यावरही भरू देत नसतच. पण सरकारी सवलत मात्र ख्रिस्ती झाले की सुटायची. त्यामुळे सरकारदरबारी सिद्धू हिंदू होता आणि घरी ख्रिस्ती. नोकरी त्या सवलतीवर मिळालेली. वर्षभरात ती कायम व्हायची होती.

"येका गान्यानं काय हुतंय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "तुज्या बानं रचलंय रं त्ये. पेटीबिगर उघडं पडंल."

सिद्धू बसला. मान खाली घालून वाजवले, पण फार सुरेख वाजवले.

चूक झाली ती नंतर. टीव्हीच्या बाईंनी सर्वांची नावे विचारली, तेव्हा द्वारकाबाईंच्या तोंडून अभिमान सांडला. "पेटीवर माजा ल्योक. सिद्धार्थ आबाजी. बारामतीला सरकारी हापिसात हाय!" कचेरीचे नावसुद्धा त्यांनी सांगितले. दुसरी कोणती आई ते न सांगता राहिली असती?

बाई म्हणाल्या, "छान. गाणं चालू असताना खाली पट्टीवर सगळ्यांची नावं देऊ."

सिद्धूने आईकडे पाहिले. पण बाईंसमोर तो काय बोलणार?

महिनाभर द्वारकाबाई घरोघर सांगत फिरल्या. "नाताळला सांजच्याला या. आमचं दावनार हायेत." बनाबाईंना सांगितले, शेजारच्या भागूबाईंना सांगितले. भागूबाईंचे घर बौद्ध. त्यांच्याकडच्या मोठ्या परातीत या वर्षी दुप्पट करंज्या झाल्या. द्वारकाबाईंना फार काही नको होते. वर्षानुवर्षे ज्यांच्या देवांना त्यांनी आपल्या घरात पुढची जागा दिली, त्यांनी एकदा बसून आपला देव मराठीत पाहावा, एवढेच.

आणि मित्रांनो, माणसे आली! नाताळच्या संध्याकाळी माझी खोली मालिकेच्या वेळेसारखी भरली. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. द्वारकाबाईंनी ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले होते आणि त्या दिवशी त्या उंबऱ्याशी नव्हे, अगदी माझ्यासमोर बसल्या. एवढ्या जवळून त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले.

सुरुवात नेहमीसारखी झाली. हॉल, फ्रॉक, केक. मग लाल टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा एक जाडा माणूस पोते घेऊन नाचू लागला.

"द्वारकाबाई, ह्योच का तुमचा द्येव?" मोहनरावांनी विचारले.

"न्हाय वं. ह्यो कोन, मला बी ठावं न्हाय."

खोली खदखदून हसली. द्वारकाबाईही हसल्या.

"पोत्यात काय हाय त्याच्या? युरिया का?" मागून कोणीतरी म्हणाले.

"गप बसा की वं," भागूबाईंनी दटावले. "म्हातारीचं येऊ द्या."

"यील, यील. आता आमचंच," द्वारकाबाई म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

इथे मला तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माझी अँटेना घराच्या पत्र्यावर, लांब पाइपाला बांधलेली होती. तिचे तोंड मावळतीकडे असले तर चित्र नीट दिसे. वाऱ्याने किंवा कावळ्याने ती फिरली, की माझ्या पडद्यावर काळेपांढरे ठिपके वळवळू लागत. त्याला सगळे 'मुंग्या आल्या' म्हणत. मग घरातला एक जण पत्र्यावर चढे, पाइप फिरवी आणि वरून ओरडे, "आलं का?" खालचे ओरडत, "न्हाय!" तो आणखी फिरवी. "आलं का?" "आलं, आलं! उतर खाली!" ज्या घरात टीव्ही होता, त्या घरात या आरोळ्या होत्याच.

त्या संध्याकाळी वारा नव्हता. चित्र आरशासारखे स्वच्छ होते. तरीही सिद्धू भिंतीजवळून उठला आणि म्हणाला, "जरा हालतंय वाटतं. बगून येतो."

"कुटं हालतंय? झ्याक दिसतंय की," मोहनराव म्हणाले. पण तो शिडीवर चढलाही होता.

पडद्यावर वस्तीचे अंगण उमटू लागले होते. सारवण, आकाशकंदील, एका पोराचा पाय. तेवढ्यात वरचा पाइप करकरला आणि माझ्या तोंडावर मुंग्या आल्या.

"सिद्धू! ग्येलं रं!" द्वारकाबाई ओरडल्या. "आमचंच लागलंय! लौकर फिरव!"

"आलं का?" वरून आवाज आला.

"न्हाय! मावळतीकडं घे!"

पाइप पुन्हा करकरला. मित्रांनो, माझी तार त्या अँटेनेला जोडलेली होती. तिचे तोंड कुठे वळते आहे ते मला कळत होते. सिद्धूने ते मावळतीकडे नाही, पाण्याकडे वळवले होते. धरणाकडे. जिथे ते मातीचे प्रार्थनाघर बुडाले होते, तिकडे.

"आलं का?"

"न्हाय रं माज्या राजा! आनखी फिरव!"

चित्र नव्हते. पण आवाज खरखरीतून मधूनमधून वाट काढत होता. पेटीचा एक सूर आला. ढोलकीचा ठेका आला. आणि मग एक चिरका, पण स्वच्छ, बाईमाणसाचा आवाज उमटला, 'गोठ्यात उजेड...'

"अगं, ह्यो तर द्वारकाबाईचा आवाज!" बनाबाई ओरडल्या.

सगळी खोली माझ्याकडे झुकली. द्वारकाबाई गुडघ्यांवर उठल्या. त्यांनी माझ्या काचेवर दोन्ही तळहात ठेवले, जणू मुंग्या हाताने बाजूला करता येतात. मी जीव एकवटून काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला. पण माझ्याजवळ स्वतःचे असे काहीच नसते. जे येते, तेच मी दाखवतो.

"आलं का?" वरून तिसऱ्यांदा आवाज आला.

द्वारकाबाईंनी मान वर केली. त्या पत्र्याकडे पाहत होत्या. त्यांना तेव्हाच कळले, असे मला वाटते. मी चुकत असेन. पण त्यांनी हात काचेवरून काढून घेतले आणि त्या खाली बसल्या.

गाणे संपले. निवेदिकेने सर्वांना शुभेच्छा दिल्या, त्या खरखरीतच. मग सिद्धूने अँटेना पूर्वीसारखी केली.

"आलं का?"

"आलं, आलं!" सगळी खोली एका आवाजात ओरडली. पडद्यावर सिनेमाची गाणी लागली होती. लख्ख.

मोहनराव मांडी बदलून बसले. "चला, ह्ये तरी बरं दिसतंय. वाडा करंज्या, द्वारकाबाई."

द्वारकाबाईंनी करंज्या वाढल्या. एकेकाला हात जोडून आग्रह केला. सिद्धू खाली उतरून दाराशी उभा राहिला, तेव्हा त्याच्या हाताला पाइपाचा गंज लागलेला होता.

सगळे पांगल्यावर भागूबाई मागे राहिल्या. त्या सिद्धूजवळ गेल्या आणि हळू आवाजात बोलल्या. पण मी तिथेच होतो.

"लेका, कुनापासनं लपवत व्हतास रं? आमच्यापासनं? तुजा आजा कवा बाटला, त्ये माज्या सासऱ्याला ठावं व्हतं. नाताळला तुज्या दारात कंदील लागतुया, त्ये आमाला दिसत न्हाय व्हय? बौद्ध झाल्यावर आमाला बी पयली दिल्लीची सवलत न्हवती. नव्वद साली मिळाली. तुमाला न्हाय मिळाली, त्यात तुजा काय गुन्हा? पर म्हातारीला येकदा बगू द्यायचं व्हतंस."

सिद्धू म्हणाला, "मावशी, नावाची पट्टी येनार व्हती."

"आन् बारामतीतल्या अँटिन्या कोन फिरवायला ग्येलं व्हतं?"

सिद्धू हातावरचा गंज पुसू लागला. बारामतीत घराघरावर अँटेना होत्या. त्याच्या हाताला लागली ती फक्त आईची.

सोमवारी तो कचेरीत गेला, तेव्हाचे त्याने पुष्कळ वर्षांनी बायकोला सांगितले. मी तेव्हा त्याच खोलीत होतो. कोणी काही बोलेल, साहेब बोलावतील, म्हणून तो दिवसभर दाराकडे पाहत राहिला. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साऱ्या कचेरीत नाताळचा तो कार्यक्रम कोणी पाहिलाच नव्हता. तो कोण पाहतो?

म्हणजे मित्रांनो, द्वारकाबाईंचे गाणे आकाशातून गेले, साऱ्या महाराष्ट्रावरून गेले आणि ज्या एका घरात त्याच्यासाठी माणसे चपला काढून बसली होती, नेमके तिथेच ते उतरले नाही.

त्या नाताळच्या संध्याकाळी माझी दारे सरकवताना द्वारकाबाई मुलाला एवढेच म्हणाल्या, "न्हाय आलं त्ये बरंच झालं. म्हाताऱ्या बाईचं त्वांड काय बगायचं." सिद्धू भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यानंतर त्या घरात ही गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही.

सिद्धू नोकरीत कायम झाला. पुढच्या नाताळपासून मात्र एक नवीनच रीत सुरू झाली. कार्यक्रमाच्या आधी, कोणी न सांगता, सिद्धू पत्र्यावर चढायचा. अँटेना अगदी केसभरही न चुकता मावळतीकडे लावायचा. चित्र आधीच स्वच्छ असायचे. तरी तो वरून विचारायचा, "आये, आलं का?"

खाली द्वारकाबाई एकट्याच बसलेल्या असत. वस्तीत आता आणखी टीव्ही आले होते, रंगीत आले होते. रविवारी माझ्याकडे कोणी येत नव्हते, मग नाताळला कोण येणार? पडद्यावर तोच हॉल, तोच केक, तोच लाल टोपीवाला. ते अंगण पुन्हा कधीच दाखवले नाही. टीव्हीची माणसे त्या वस्तीवर पुन्हा आली नाहीत.

द्वारकाबाई माझ्याकडे पाहत आणि पत्र्याकडे तोंड करून ओरडत, "आलं, आलं! उतर खाली."

दरवर्षी. त्यांच्या शेवटच्या नाताळपर्यंत.

त्या गेल्यावर सिद्धूने रंगीत टीव्ही घेतला. त्याला खांबावरून आलेली केबल जोडली. अँटेनेचा पाइप आता वेलाच्या मांडवाचा खांब म्हणून उभा आहे. त्यावर दोडके लागतात. पत्र्यावर चढायचे कोणाला काही कारण उरलेले नाही. मला छपरात आणून ठेवले, तेव्हा सिद्धूने माझी दारे एकदा उघडली, काचेवरून हात फिरवला आणि पुन्हा लावली. त्याच्या आईचे तळहात जिथे टेकले होते, तिथेच त्याचा हात फिरला, हे त्याला ठाऊक नसावे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्या जुन्या वस्तू 'आमची धूळ पुसा, आम्हाला जपा' अशी विनवणी करतात. मी ती करणार नाही. माझ्यावर बसायला कोंबडी आहे, माझे बरे चालले आहे. मला एवढेच सांगायचे आहे, की ज्याच्या घरी तुम्ही आपल्या सणाला पुढे बसलात, त्याचा सण आला की त्याच्याही घरी जा. चपला बाहेर काढा. आणि त्याचे गाणे लागायच्या वेळी मुंग्या आल्या, तर करंजी खाऊन लगेच मांडी बदलू नका. थोडा वेळ त्या मुंग्यांकडेच बघत त्याच्या शेजारी बसून राहा.

आणि तुमच्यातला कोणी पत्र्यावर चढलेला असेल, तर त्याला एकच सांगतो. खालून "आलं" असा आवाज येतो, तेव्हा दरवेळी ते आलेलेच असते असे नाही.